तुमची आंघोळ मीच घातली

अजी, सगळे गेले. तेरवी होऊन महिना झाला, लेक शुभांगी पुसदला तिच्या घरी परतली, मंडपवाला बांबू काढून घेऊन गेला. आता घरात मी आहे आणि तुमच्यावरचा माझा राग आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, जीव घुटमळतो. घुटमळू द्या. अर्ध्या भांडणातून उठून गोठ्याकडे निघून जायची सवय होती तुम्हाला. आता बसा आणि पूर्ण ऐकून घ्या.

आधी आंघोळीचं सांगते, कारण तुम्हाला तीच धास्ती होती. अंगणात पाट मांडला, चुलीवर पाणी ठेवलं. तुमचा पुतण्या, शेजारचे दोघं आणि नामदेवभाऊ बाह्या वर करून पुढे आले. तुमचा लहानपणापासूनचा दोस्त तो, त्याचा हक्कच होता. मी म्हटलं, "थांबा. यांची आंघोळ मी घालीन."

नामदेवभाऊ म्हणाले, "वहिनी, हे बायाइचं काम नाई. आमी आहो ना."

"पडून पडून पाठीला जखमा झाल्या त्यांच्या. कुठं हात लावायचा ते मलेच माहीत आहे."

"आता त्याले काय दुखते वं माय," मागून तुमची चुलती बोलली.

मी दोन लुगडी बांबूला बांधून आडोसा केला आणि शुभांगीलासुद्धा बाहेर उभं केलं. बाहेर बाया कुजबुजत होत्या, की हिचं डोकं फिरलं, की नवऱ्यावर एवढा जीव होता तर आधी कधी दिसला नाही तो. कोणी लुगडं सरकवून आत आलं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. धोतर नेसवून झाल्यावरच आडोसा काढला. तुम्हाला दिलेला शब्द तिथपर्यंत मी पाळला. पुढचं सांगायचं आहे, पण त्यासाठी मागून सुरुवात करावी लागेल.

गाव तुम्हाला डाक्टर म्हणायचं. जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही पशुधन पर्यवेक्षक होता, पण महागाव तालुक्यातल्या अर्ध्या गोठ्यांत तुमच्या हाताचं नाव होतं. गोऱ्ह्याला खच्ची करून त्याचा बैल करायचा असला की लोक तुमचीच वाट पाहायचे. रक्ताचा थेंब नाही, टाका नाही. लोखंडी चिमट्यात नस दाबली की झालं काम. गोऱ्हा एकदा ओरडायचा, मग मान खाली घालून उभा राहायचा. तुम्ही त्याच्या पाठीवर हात फिरवत मालकाला सांगायचे, "आता हा वावरात चालीन पाहा." मी अंगणवाडीत होते. आपल्या दोघांच्या नोकऱ्यांवर गाव फार हसायचं. एक पोरं वाढवते, दुसरा वंशच बंद करते म्हणायचे.

तुमचं लघवीचं दुखणं सुरू झालं तेव्हा तुम्ही ते वयावर ढकललं. रात्रीतून किती वेळा उठायचे, आणि धार लागेपर्यंत बाहेर ताटकळत उभे राहायचे. मी विचारलं की "पन्नाशी-साठीनंतर साऱ्याइलेच होते" हे उत्तर ठरलेलं. पुढे कंबर धरली. तुम्ही मलम चोळलं, गोळ्या खाल्ल्या आणि मोटारसायकलला दोष दिला. म्हशीने दोन दिवस चारा टाकला तर तिची लाळ, शेण, कान सगळं तपासणारा माणूस स्वतःच्या बाबतीत इतका आंधळा कसा, हे मला आजही उमजत नाही. शेवटी शुभांगीने पुसदला रक्त तपासायला लावलं. प्रोस्टेट म्हणजे लघवीच्या पिशवीखालची पुरुषांची गाठ, तिच्या त्या तपासणीचा आकडा इतका वर होता, की तिथल्या डॉक्टरांनी आपल्याला खुर्चीवर नीट बसूसुद्धा दिलं नाही. म्हणाले, यवतमाळला जा, उशीर करू नका.

यवतमाळला गाठीचा तुकडा तपासायला काढला. त्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी समजावलेलं मला जसंच्या तसं आठवतं, कारण तुम्ही खिडकीबाहेर बघत होता आणि ऐकायचं काम माझ्यावर होतं. ते म्हणाले, दोन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या. ग्रेड म्हणजे हा कॅन्सर स्वभावाने किती आडमुठा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्यावरून दोन आकडे देतात आणि त्यांची बेरीज करतात. सहा आली तर गरीब, दहा आली तर सगळ्यात वाईट. तुमचे चार आणि पाच, नऊ. आणि स्टेज म्हणजे तो कुठवर पोचला. गाठीतच आहे, गाठीच्या भिंतीबाहेर गेला, की हाडांत गेला. मी मनात म्हटलं, गाजरगवतासारखंच की हे. किती माजलं ते एक, आणि किती वावरात शिरलं ते दुसरं. दोन्ही विचारल्याशिवाय उपाय ठरत नाही.

हाडांचा स्कॅन झाला. कंबर, खुबा, बरगड्या, सगळीकडे काळे ठिपके. चौथी स्टेज. "मंग गाठ काढून टाका ना," तुम्ही म्हणालात. डॉक्टर म्हणाले, आता गाठ काढून उपयोग नाही, तो घराबाहेर पडला. आता त्याचं खाणं बंद करायचं. पुरुषाच्या अंगातलं जे संप्रेरक आहे त्यावर तो जगतो, ते तोडायचं. म्हणजे बरं होणार नाही, पण बरीच वर्षं दबून राहू शकतं. ते तोडायचे मार्ग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि तुम्ही खिडकीतून मान वळवली. तुम्हाला पुढचं वाक्य आधीच कळलं होतं. मला नव्हतं कळलं.

ती दुपार, अजी. त्या दुपारवर आपण नंतर कधीच बोललो नाही. सकाळपासून तुमच्या पायांना मुंग्या येत होत्या. जिना चढताना डावा पाय ओढत होता. तुम्हाला लगेच भरती करून एमआरआय काढला, आणि तो बघून डॉक्टरांचा सूर बदलला. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबत होती. म्हणाले, सूज उतरवायचं औषध आत्ता सुरू करतो, किरणांचा शेकही देऊ, पण संप्रेरक ताबडतोब खाली आणावं लागेल. तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं, पण ते पहिले काही दिवस संप्रेरक आणखी वर नेतं आणि मगच खाली आणतं. तुमच्या मणक्याला ती उसळी झेपायची नाही. उसळी न येणारं दुसरं इंजेक्शन असतं, ते मागवावं लागेल, किती वेळ लागेल सांगता येत नाही. अंडकोशातल्या गोळ्या काढून टाकल्या तर काही तासांत काम होतं. लहान ऑपरेशन आहे. संध्याकाळच्या आत सांगा. एकदा पाय गेले तर परत येतील याची खात्री मी देणार नाही.

डॉक्टर गेले. तुम्ही पलंगावर सरळ बसलात, दोन्ही हात मांड्यांवर. म्हणालात, "मले बैल करून राह्यले हे."

मी म्हटलं, "बाहेरून काही दिसत नाही म्हणाले. पिशवी तशीच राहते."

"चिमट्यानंतर बैलाचीबी तशीच राहते वं कुसुम. पाहणाऱ्याले समजते." मग आवाज एकदम चढला. "मले नको सांगू काय होते ते! गोऱ्ह्याची मान कशी उतरते, डोळ्यातली आग कशी जाते, मी पाह्यलं आहे. माह्या हातानं केलं आहे. दुसरं इंजेक्शन मागवाले सांग. थांबतो मी."

"पाय थांबतीन का?"

"जाऊ दे पाय."

घड्याळाकडे बघवत नव्हतं. बाजूच्या पलंगावरचा माणूस आपल्याकडे पाठ करून पडला होता, पण कान इकडेच होते. मी तुम्हाला हळू समजावलं, देवाधर्माचं सांगितलं, शुभांगीचं नाव घेतलं. तुम्ही दगड. मग तुम्ही संडासला जायला उठलात, आणि दाराशी दोन्ही गुडघे एकदम वाकले. मी धरलं नसतं तर तोंडावर पडला असता. तुम्ही माझा खांदा इतका घट्ट दाबलात की आठ दिवस वळ होता. तुमच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेली भीती होती, आणि तरीही ओठ 'नाही'च म्हणत होते. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अजी, एक सांगा मले. चालता बैल बरा, का बसलेला सांड?"

बाजूच्या पलंगावरचा माणूस खोकला. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. आयुष्यात कधी मारलं नाही तुम्ही, पण त्या क्षणी वाटलं.

"तुले लाज नाई," तुम्ही म्हणालात.

"नाई."

"बरं." आणि मग माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवलात. "पण कोणाले सांगायचं नाई. शुभांगीलेबी नाई. हर्नियाचं झालं म्हणायचं. आन् मेल्यावर मले आंघोळ तू घालशीन. नामद्या येईन पुढं, त्याले येऊ देऊ नको. त्याचे बैल मीच केले आहेत. त्याले एका नजरेत समजीन."

मी हो म्हटलं. त्या वेळी तुम्ही आभाळ मागितलं असतं तरी हो म्हटलं असतं.

पाय वाचले. मणक्याला शेक दिला, गोळ्या चालू झाल्या, आणि काही आठवड्यांत तुम्ही काठी टाकून दिली. त्या गोष्टीसाठी मी देवाचे, डॉक्टरांचे आणि माझ्या फटकळ तोंडाचे आभार मानते. दोन पेरण्या पाहिल्या तुम्ही, दोन पोळे पाहिले. शुभांगीच्या पोरीला सायकल शिकवली, तिच्यामागे पळालात. पळालात, अजी! ते दिवस फुकटचे होते आणि गोड होते. मी कधी तुम्हाला हे बोलले नाही, आपल्यात असं बोलायची रीत नव्हती, पण त्या दिवसांत तुम्ही मला आधीपेक्षा जास्त माझे वाटायचे. संध्याकाळी भाजी निवडायला माझ्याजवळ बसायचे. मधेच अंगातून वाफ निघाल्यासारखा घाम फुटायचा, तेव्हा मी काही न विचारता पंखा पुढे सरकवायची. तुमची मान उतरली नव्हती. मला तरी दिसली नाही.

पण तुम्हाला दिसत होती. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे असताना कोणी म्हणालं, "डाक्टर, अंग धरलं बा तुमी." तुम्ही तिथून जे निघालात ते थेट घरी. कोणी गोऱ्हा दाखवायला आणला की "दवाखान्यात न्या" म्हणून वाटेला लावायचे. गाव समजलं, निवृत्त झाल्यावर डाक्टरला माज आला.

आणि याच काळात आपलं ते भांडण सुरू झालं, जे कधी संपलंच नाही. नामदेवभाऊ रोज ओट्यावर यायचे. चहाचा एक कप संपेपर्यंत दोनदा गोठ्यामागे जाऊन यायचे, आणि आल्यावर पायजम्याची नाडी बांधत बसायचे. मी तुम्हाला म्हटलं, "भाऊंना तपासायला सांगा."

"त्याले वय झालं."

"तुमालेबी वयच झालं होतं."

"त्याले सांगितलं तं तो विचारीन, तुले कसं माहीत. मंग काय सांगू?"

"खरं सांगा."

तुम्ही उठून गोठ्याकडे गेलात. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा काढलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा तुम्ही ओरडलात, "तू डोक्यावर हात ठेवून शब्द दिला आहे!" तुमचा दोस्त तुमच्यासमोर बसून तुमच्याच वाटेने चालला होता, आणि तुम्हाला तुमची झाकली मूठ प्यारी होती. मला तुमची कीव येत होती आणि तुमचा संतापही येत होता. दोन्ही एकाच वेळी येतात, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं.

मग तो रोग खाण्यावाचून जगायला शिकला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, ग्रेड वाईट असली की लवकर होतं. आकडा पुन्हा चढू लागला. गोळ्या बदलल्या, सलाईनमधून किमो दिला, दुखऱ्या हाडांना पुन्हा शेक दिला. शेवटी तुम्हीच म्हणालात, आता घरी ने. त्या शेवटच्या आठवड्यांत नामदेवभाऊ येऊन तुमचे पाय चेपत बसायचे, आणि मी दारात उभी राहून वाट बघायची की आता बोलतील, आता बोलतील. तुम्ही सोयाबीनच्या भावावर बोललात.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ते आले. ओट्यावर बसले. मी चहा ठेवला. कप अर्धा टाकून गोठ्यामागे गेले, बराच वेळ लागला. आल्यावर कंबर धरून बसले. मी आत गेले, देवासमोर उभी राहिले, तुमच्या फोटोसमोर उभी राहिले. हार अजून ताजा होता. तुमच्या डोक्याचा स्पर्श या तळहाताला अजून आठवत होता, आणि बाहेर तो माणूस कण्हत होता. मी बाहेर आले आणि बोलून टाकलं.

"भाऊ, यांचं हर्नियाचं ऑपरेशन नव्हतं झालं."

"मले माहीत आहे," नामदेवभाऊ म्हणाले.

अजी, त्यांना माहीत होतं! पहिल्या पोळ्यापासून माहीत होतं. "वहिनी, माह्या गोठ्यात जनम गेला. दाढी विरळ झाली, अंग सुटलं, बसल्या जागी घाम फुटे. मले नाई समजीन तं कोणाले समजीन? त्यानं झाकलं म्हणून मीबी झाकलं." मग खाली मान घालून म्हणाले, "म्हणून तं मी गेलो नाई दवाखान्यात. जो जाते त्याले हेच करते, असं वाटलं मले."

तुम्ही ज्याच्यापासून लपवलं त्याला सगळं माहीत होतं, आणि अर्धवट माहीत होतं म्हणून तो मरणाकडे चालला होता. मी रडले नाही. मी अंगणवाडीतल्या बायांना सांगायचे तसं एकेक सांगायला घेतलं. ग्रेड काय, स्टेज काय. गाठीतच असला तर गाठ काढतात किंवा शेक देतात आणि माणूस बरा होऊ शकतो. अगदी गरीब असला तर काही न करता नुसतं तपासत राहतात. आणि लघवीचा त्रास म्हणजे कॅन्सरच असंही नाही, नुसती गाठ वाढलेली असू शकते. "साऱ्याइचं तेच करत नाई, भाऊ. यांचं का केलं ते ऐका." आणि ती दुपार मी त्यांना सांगितली. बैलाचं वाक्यसुद्धा सांगितलं.

त्यांनी तोंडावर उपरणं घेतलं. त्याच्याआडूनच म्हणाले, "उद्या चालता का संगं? घरी नाई सांगवत मले."

मी गेले संगं. पुसदला रक्त, मग यवतमाळला तुकडा, मग स्कॅन. रिपोर्टची वाट बघताना तुमच्या वेळेपेक्षा जास्त वेळा मी खिडकीवर जाऊन विचारून आले. शब्द मोडून उपयोग झाला नाही असं निघालं असतं तर तुम्हाला काय तोंड दाखवणार होते? परवा डॉक्टरांनी सांगितलं. तीन आणि चार, सात. गाठीतच आहे, हाडं स्वच्छ, कंबरेचं दुखणं झिजेचं आहे. ऑपरेशन करता येईल किंवा शेक देता येईल. दोन्हींत बरं होण्याची चांगली आशा आहे आणि दोन्हींचे त्रासही आहेत, लघवीचे, पुरुषपणाचे, ते त्यांनी न लपवता सांगितले. मग म्हणाले, "घरी जा, दोन्ही बाजूंचा विचार करा, घाई नाही."

घाई नाही. हे दोन शब्द ऐकले आणि मला तुमचा इतका राग आला की दवाखान्याच्या पायरीवर बसावं लागलं. हे दोन शब्द तुमच्यासाठीसुद्धा असू शकले असते. वेळेवर गेला असता तर कदाचित महिनाभर विचार करत बसला असता, माझ्याशी भांडला असता, गोठ्याकडे निघून गेला असता. तुमच्या वाट्याला एक दुपार आली.

नामदेवभाऊ शेजारी येऊन बसले. म्हणाले, "डाक्टर असता तं काय म्हणला असता वो वहिनी?"

"कोणाले सांगू नको म्हणाले असते."

आम्ही दोघं हसलो. येणारे-जाणारे बघत होते, आम्ही हसतच होतो, आणि त्या हसण्यातच तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं. बसमध्ये नामदेवभाऊंनी ओळखीच्या एकाला स्वतःचा आजार सांगून टाकला, वर तपासून घ्यायचा सल्लाही दिला. तुमचं नाव काढलं नाही. गावात उतरताना मला म्हणाले, त्याचं मी मरेपर्यंत नाई बोलणार, ते तुमच्याकडं.

माझ्याकडे आहे म्हणून हे लिहिते, आणि गावापुढे ठेवणार आहे. आपल्या गावात अजून कोणी कोणी गोठ्यामागे ताटकळत उभं असेल, आणि त्यांना तुमची गोष्ट अर्धीच माहीत असेल. आता पूर्ण होईल. अजी, तुमची माफी मी मागत नाही. तुम्हाला राग येईल, येऊ द्या, मलाही तुमचा आलेला आहे. एवढं मात्र ऐका, त्या लुगड्यांच्या आडोशाआड मी तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत धुतलं, आणि तुमच्या अंगावर लपवण्यासारखं मला काहीच सापडलं नाही.